घरासाठी आडवा डीप फ्रीझर: २०० लिटर की ३००?

परसातला:

मंडळी, महिनाभर स्वतःचं डोकं पिकवून झालं, आता तुमचं पिकवतो. घरी आडवा डीप फ्रीझर घ्यायचाय, पेटीसारखा, वरून झाकण उघडणारा. फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात आता बोट शिरायलाही जागा उरलेली नाही. परसात मटार आणि घेवडा लावतो. तो येतो तेव्हा पंधरा दिवसांत सगळा एकदम येतो आणि हातात पिशवी दिसली की शेजारी दार लावून घेतात. त्यात मेव्हण्याला गळ टाकायचा नाद. दीड-दोन महिन्यांतून एकदा सात-आठ किलो मासा ओट्यावर आणून टाकतो आणि "बघा काय करायचं ते" म्हणून निघून जातो. आम्ही दोघं नोकरीवाले, त्यामुळे रविवारी आठवड्याचं शिजवून डबे गोठवायचे हाही बेत आहे.

जागा जिन्याखालची ठरवलीय. रुंदी १२५ सें.मी., खोली ७० सें.मी. उंची डावीकडे १७५ आणि उजवीकडे उतरत उतरत ९० सें.मी. फ्रीझरची उंची ८५ च्या आसपास असते, म्हणजे बरोबर बसतो. ३०० लिटरचा मनात भरलाय, कारण लिटरमागे हिशेब केला तर मोठा स्वस्त पडतो आणि जागा कधी कमी पडू नये असं वाटतं. बायको म्हणते २०० पुरे. आई म्हणते, मला वापरता आला तर आणा, नाहीतर तुमचं तुम्ही बघा. आईची उंची १४७ सें.मी.

आणखी कुठल्या गोष्टी बघून घ्याव्यात?


नुसता_वाचक:

आडवा घेऊच नका. आमच्याकडे उभा आहे, सहा खणांचा. मासा एका खणात, भाजी दुसऱ्यात, डबे तिसऱ्यात. काय हवं ते दोन सेकंदांत हाताला लागतं. आडव्यात मटारची पिशवी शोधायला आधी अर्धा फ्रीझर जमिनीवर मांडावा लागतो.


जुनी_चावी:

अकरा वर्षं आडवा वापरतेय, त्यातली पहिली पाच चुकीचा वापरला, म्हणून जरा लांबण लावते.

आधी जिना. धागाकर्ते, फ्रीझर बसेल हो, पण झाकण कुठे जाईल? ते मागच्या बिजागरीवर वर उभं राहतं. ८५ ची पेटी आणि वर ५५-६० चं झाकण, म्हणजे पूर्ण उघडायला १४०-१४५ सें.मी. हवेत, आणि तेही पेटीच्या अख्ख्या रुंदीभर. तुमच्या जागेत १४५ ची उंची डावीकडच्या जेमतेम ४५ सें.मी. पट्ट्यात मिळते, पुढे जिना आडवा येतो. तीनशेचा ठेवलात तर झाकण हातभर उघडेल आणि तुम्ही डोकं आत, झाकण मानेवर अशा अवस्थेत मटार शोधाल. दर वेळी बाहेर ओढून उघडू म्हणाल तर भरलेला तीनशेचा फ्रीझर एकदा ओढून बघा, मग बोलू.

आता लिटर. आमचा पहिला ४०० लिटरचा होता. नवऱ्याचा उत्साह. तुमच्यासारखाच लिटरमागे हिशेब त्यानेही केला होता. त्या हिशेबात एक गोष्ट कधी येत नाही, ती म्हणजे माणसाचा हात. माझा हात काखेपासून बोटांपर्यंत ६६ सें.मी. आहे, आतली खोली त्याहून जास्त होती, आणि वरून वाकताना पेटीची कडा पोटात रुतते. तळाचं काही काढायचं तर माझे पाय जमिनीवरून सुटायचे. मग हळूहळू काय झालं, तर तळाशी कोणी जाईनासंच झालं. वरच्या वर ठेवायचं, वरच्या वर काढायचं. तो विकायला काढला तेव्हा रिकामा करताना अक्षरशः उत्खनन झालं. एकाखाली एक थर लागत गेले आणि सगळ्यात खाली चार वर्षांपूर्वीचा मासा निघाला, कडांना पांढराफटक, पुठ्ठ्यासारखा कोरडा. खराब म्हणाल तर झाला नव्हता. उणे १८ ला जंतू वाढत नाहीत, पण मरतही नाहीत, नुसते थांबून राहतात. पाणी मात्र बर्फातून थेट वाफ होऊन उडून जातं आणि चव तिच्याबरोबर जाते. मांजरानेसुद्धा वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

दुसरा घेताना दुकानात सरळ वाकून हात तळाला लावून बघितला. विक्रेता हसला. त्याला म्हटलं, बाबा, घरी हसायला तू नसणार आहेस. तुम्हीही आईंना घेऊन जा आणि त्यांना हात घालू द्या. त्यांचा हात तळाला टेकला तर फ्रीझर घरातला, नाहीतर तो फक्त तुमचा. आमचा आताचा १४५ लिटरचा आहे, आम्ही तिघं आहोत, आणि एकदाही कमी पडलेला नाही. कमी पडेल असं वाटतं तेव्हा आम्ही आत असलेलं खातो.

छापलेल्या आकड्यावरही जाऊ नका. काही ठिकाणी एकूण घनफळ लिहितात, काही ठिकाणी वापरण्याजोगं, आणि दोन्हींत फरक असतो. शिवाय आत एका बाजूला पायरीसारखा उंचवटा असतो, त्याखाली कॉम्प्रेसर बसतो. ती पायरी मला आधी जागेची नासाडी वाटायची. आता तीच सगळ्यात लाडकी आहे, कारण रोज लागणारं तिच्यावर राहतं आणि वाकावं लागत नाही. टोपल्या किती मिळतात तेही विचारा. एकच मिळत असेल तर दुसरी वेगळी घ्या.

@नुसता_वाचक, तुमचं म्हणणं मला पटतं. पण आम्ही खण न करता रंग केलेत. धुता येतील अशा मोठ्या कापडी पिशव्या, लांब बंदांच्या: निळीत मासा, हिरवीत भाजी, लाल पिशवीत शिजवलेलं. बंद धरून पिशवीच वर ओढायची. जमिनीवर बाजार मांडावा लागत नाही.


कॉइलवाला:

जुनी_चावी यांनी हात-पाय सांगितले, मी पोटातलं सांगतो. तीस वर्षं फ्रिज-फ्रीझर दुरुस्तीत गेली, आता निवृत्त आहे.

आधी उभा-आडवा वाद. थंड हवा जड असते. आडव्याचं झाकण उघडलं तरी ती बादलीतल्या पाण्यासारखी आत बसून राहते. उभ्याचं दार उघडलं की ती पायांवर सांडते, उघड्या पायांनी उभे राहिलात तर जाणवतेसुद्धा. म्हणून त्याच मापाच्या आडव्याला वीज बहुधा कमी लागते आणि वीज गेली तर तो जास्त वेळ तगतो. भरलेला फ्रीझर झाकण न उघडता साधारण ४८ तास माल गोठलेला ठेवतो, अर्धा भरलेला २४ तास. यात "न उघडता" हे शब्द महत्त्वाचे. वीज गेली की पाच मिनिटांनी झाकण उचलून "अजून गार आहे ना" बघणारे गिऱ्हाईक मी खूप पाहिलेत.

आता धागाकर्त्यांचा खरा प्रश्न. त्यांनी लिटर विचारले, पण त्यांचं दुखणं लिटरचं नाही, मेव्हण्याचं आहे. एकदम आठ किलो ताजा मासा. गोठलेला माल गोठलेला ठेवणं हे फ्रीझरला सोपं काम, ताजा माल गोठवणं हे अवघड. पाण्याचा हिशेब घ्या, कारण माशात आणि भाजीत मुख्य पाणीच असतं. एक किलो पाणी ३० अंशांवरून शून्यावर आणायला ३० किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. शून्याच्या पाण्याचा शून्याचाच बर्फ करायला ८०. आणि तो बर्फ उणे १८ पर्यंत न्यायला फक्त ९. म्हणजे सगळा घाम त्या मधल्या टप्प्यात निघतो, आणि तेवढा वेळ तापमापकाचा काटा जवळजवळ हलत नाही. लोकांना वाटतं मशीन बिघडलं.

म्हणून मागच्या पाटीवर किंवा माहितीपत्रकात २४ तासांत किती किलो गोठवतो तो आकडा शोधा. तो सापडला नाही तर २८ लिटरला दिवसाला एक किलो असं ढोबळ धरा. २०० लिटरला सात किलो. एवढाच ताजा माल एका दिवसात आत जावा. मेव्हण्याचा आठवा किलो त्याच रात्री जेवून टाका. ज्या फ्रीझरला पटकन गोठवायचं बटण असतं त्याचं बटण मासा यायच्या आदल्या रात्री दाबून ठेवा, आल्यावर नाही. पाकिटं चपटी करा आणि आतल्या भिंतींना टेकवून, एकमेकांत फट ठेवून लावा. एकावर एक ढीग रचलात तर मधलं पाकीट दुसऱ्या दिवशीही मऊ सापडेल. हळू गोठलं की बर्फाचे कण मोठे होतात, ते पेशी फोडतात आणि वितळताना सगळं पाणी सुटतं.

चांदण्यांचा घोळ होतो तोही सांगतो. वीजबचतीच्या चांदण्या वेगळ्या. फ्रीझरवर एक चिन्ह असतं, तीन चांदण्या आणि त्यांच्या पुढे एक मोठी. तीन म्हणजे उणे १८ ला साठवतो. ती चौथी मोठी म्हणजे ताजा माल गोठवू शकतो. तुम्हाला चौथी हवीच.

पाटीवर हवामानाचा वर्गही असतो. एन म्हणजे बाहेर ३२ अंशांपर्यंत, एसटी म्हणजे ३८ पर्यंत, टी म्हणजे ४३ पर्यंत. जिथे ठेवणार तिथली भर उन्हाळ्यातली दुपार मोजा आणि त्यावरून ठरवा. जिन्याखालची कोंदट जागा मला एवढ्यासाठीही आवडली नाही. घरगुती आडव्या फ्रीझरला बऱ्याचदा मागे जाळी दिसत नाही, गरम नळी बाहेरच्या पत्र्याच्या आतून फिरवलेली असते. म्हणून बाजू हाताला गरम लागते. ते बिघाडाचं लक्षण नाही, ती तिथूनच उष्णता टाकते. तिन्ही बाजूंना दहा सें.मी. मोकळे सोडा, आणि पुस्तिकेत जास्त सांगितलं असेल तर तेवढे. पत्र्यात खिळा, स्क्रू काही मारू नका. टोपल्या अडकवायला एकाने आकडा ठोकला होता, नळीच फुटली.

आणि आयुष्यभर सगळ्यात जास्त पाहिलेली दुरुस्ती: बर्फ सुरीने खरवडणं. आतल्या भिंतीमागे कॉइल असते. टोक लागलं की सूं आवाज येतो आणि गॅस गेला. या भिंतीमागची गळती बहुतेक वेळा दुरुस्त होण्यासारखी नसते. हल्ली पुष्कळ फ्रीझरांत आर ६००ए हा वायू असतो, म्हणजे आयसोब्युटेन. पर्यावरणाला जुन्या आर १३४ए पेक्षा कितीतरी बरा, पण पेट घेणारा. भरलेला असतो काही ग्रॅमच, तरी वेल्डिंगचं सामान घेऊन कोणीही आला की त्याला हात लावू देऊ नका. अर्धा सें.मी. बर्फ धरला की फ्रीझर बंद करा, झाकण उघडं ठेवा, आत गरम पाण्याचं पातेलं ठेवा आणि आपापल्या कामाला जा.


परसातला:

बाप रे. जिन्याखाली पुठ्ठ्याचं झाकण करून बघितलं. उजवा कोपरा पहिल्याच झटक्यात वर आपटला. बायको काही बोलली नाही, फक्त पुठ्ठा गोळा करून ठेवला.

मागच्या खोलीत उत्तरेच्या भिंतीला जागा काढली आहे. ऊन येत नाही, खिडकी आहे. दोन प्रश्न. एक, आपोआप बर्फ वितळवणारे फ्रीझर असतात ना, तसा का घेऊ नये? दोन, काचेच्या सरकत्या झाकणाचा कसा? आत काय आहे ते न उघडता दिसेल.


कॉइलवाला:

काचेचा दुकानासाठी. गिऱ्हाइकाला माल दिसावा म्हणून विजेचा तोटा सोसायचा, असा तो सौदा असतो. घरात माल दाखवायचा कोणाला? जाड भरीव झाकण घ्या.

आपोआप वितळवणारा कॉइल अधूनमधून गरम करतो आणि पंख्याने हवा फिरवतो. बर्फ खरवडायची कटकट नाही हे खरं, पण ती कोरडी फिरती हवा महिनोन्महिने ठेवलेल्या मालाचं पाणी ओढते. आठवड्यात संपणाऱ्या मालाला चालतं. तुमचा घेवडा सहा महिने राहणार. आडव्यात बहुतेक हाताने वितळवायचेच मिळतात, आणि तेच तुम्हाला बरे. फक्त तळाला पाणी जायचं बूच आहे ना ते बघा. ते नसेल तर फडक्याने तळ टिपत बसाल, आणि तुमच्या आईंना तर ते जमायचंच नाही.


जुनी_चावी:

घेवड्यावरून आठवलं. मटार-घेवडा कच्चा गोठवू नका. थंडीत जंतू थांबतात, पण भाजीतली स्वतःची विकरं थांबत नाहीत, हळूहळू काम करत राहतात आणि तीन महिन्यांत घेवड्याला वाळक्या गवताची चव येते. उकळत्या पाण्यात मटार दीड मिनिट, घेवडा तीन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग कोरडं करून पाकीट. मासा तेलकट असेल तर दोन-तीन महिन्यांत संपवा, तेल थंडीतही खवट होतं. रस्स्याचा डबा काठोकाठ भरू नका. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, काचेची बरणी असेल तर तडकतेच. मी एकदा तीन बरण्या घालवल्यात.

आणि कुलूप. नावाला जागून सांगते. कुलपाचा फ्रीझर घ्या आणि चावी फ्रीझरपासून लांब ठेवा. लहान मुलं लपाछपीत अशा पेट्यांत शिरून गुदमरल्याच्या घटना जगभर घडल्यात. अमेरिकेत तर घरगुती फ्रिजचं दार आतून उघडता आलंच पाहिजे असा कायदा १९५६ साली करावा लागला. उद्या जुना फ्रीझर टाकायची वेळ आली तर आधी झाकण काढून वेगळं करा.

शेवटचं. झाकणावर एक यादी चिकटवा. काय ठेवलं, कधी ठेवलं, किती उरलं. आमच्याकडे ती नसल्याची पाच वर्षं तुम्ही वर वाचलीच आहेत. पाकिटावरही तारीख लिहा, कारण गोठल्यावर रस्सा आणि सूप यांत देवालाही फरक कळत नाही.


नुसता_वाचक:

कापडी पिशव्यांची कल्पना आवडली. मत बदललेलं नाही, पण आवडली.

एक भर घालतो, उभा-आडवा दोघांनाही चालेल. कपभर पाणी गोठवा, वर एक नाणं ठेवा आणि कप आत राहू द्या. गावाहून परत आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक. बर्फात खाली गेलेलं दिसलं तर मधे सगळं वितळून परत गोठलंय, ते खाऊ नका.


परसातला:

आला! उशीर झाला कळवायला. १९८ लिटर, भरीव झाकण, चौथी चांदणी, टी वर्ग, तळाला बूच, कुलूप. दुकानात आईने पाच फ्रीझरांत हात घातले. तीनशेच्यात तिची बोटं तळापासून वीतभर वर राहिली. विक्रेता स्टूल देतो म्हणाला, तर आई म्हणाली, "स्टूल घरी आहे, पाय मोडायचा नाहीये." १९८ च्यात तिचा तळहात टेकला आणि विषय संपला. मागच्या खोलीचं दार मोजून गेलो होतो ते बरं केलं. चौकटीत ६८ सें.मी. मिळतात, हा ६० चा आहे, आडवा न करता सरळ गेला.

आणणाऱ्यांनी गाडीत तो कलता ठेवला होता, म्हणून पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे रात्रभर तसाच उभा ठेवून सकाळी सुरू केला. पहिल्या संध्याकाळी एक घाबरवणारी गोष्ट घडली. झाकण बंद केलं, लगेच परत उघडायला गेलो तर उघडेना! कुलूप अडकलं असं वाटून घाम फुटला. दोन मिनिटांनी आपोआप सैल झालं.


कॉइलवाला:

आत शिरलेली गरम हवा गार होऊन आक्रसते, झाकण ओढलं जातं. रबर घट्ट बसतंय याची ती पावती समजा. ओढाताण करू नका, तेवढा वेळ थांबा. तरी एकदा कागदाची पट्टी झाकणात अडकवून चारी बाजूंनी ओढून बघा. जिथून सहज निसटेल तिथे रबर सैल.


परसातला:

बघितलं, चारी बाजूंना घट्ट आहे. आतलं थर्मामीटर आज सकाळी उणे २० दाखवत होतं. निळी, हिरवी, लाल पिशवी बायकोने शिवली. आईने झाकणावर यादीचा कागद लावलाय आणि पेन दोऱ्याने बांधलंय, म्हणजे मी पळवू नये. आत अजून काहीच नाही. मेव्हण्याला फोन केला तर म्हणतो, या महिन्यात मासाच लागत नाहीये.


जुनी_चावी:

तोवर पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा, तीन-चतुर्थांशच भरा. वीज गेली तर कामाला येतील. आणि यादीत त्याही लिहा, आईंना विचारून.